फ्रेमवर्क कसं निवडायचं: एकच छोटं ॲप दोनदा बांधून बघा

कोणतंही नवं फ्रेमवर्क, म्हणजे ॲप बांधायचा तयार सांगाडा, हाती घेतलं की मी त्यात एकच ठरलेलं ॲप बांधतो: आपली पुस्तकं कोणाकोणाकडे गेली आहेत याची नोंदवही. पुस्तक टाकायचं, माणूस निवडायचा, दिल्याची तारीख लिहायची, परत आलं की खूण करायची. वर शोधायला एक चौकट आणि सुरुवातीला लॉगिन. एवढंच. ही वही मी जँगोत लिहिली, रेल्समध्ये लिहिली, एक्सप्रेसवर, रिॲक्टमध्ये, व्ह्यूमध्ये, फ्लटरमध्येही लिहिली. दर वेळी काम तेच असतं, त्यामुळे जो फरक जाणवतो तो फ्रेमवर्कचाच असतो. तुलना करायची याहून भरवशाची रीत मला अजून सापडलेली नाही.

नव्याने शिकणाऱ्यांचा प्रश्न बहुतेक वेळा असा येतो: रिॲक्ट शिकू की अँग्युलर? जँगो बरं की लारावेल? काय बांधायचं आहे ते प्रश्नात नसतंच. मग शोधाशोध करून तुलनेचे तक्ते वाचले जातात. वेग किती, लोकप्रियता किती, शिकायला सोपं की अवघड, गिटहबवर (जिथे लोक आपला कोड ठेवतात त्या संकेतस्थळावर) स्टार म्हणजे तारे किती. तक्ता खोटा असतो असं नाही, पण तुमचं काम नेमकं कुठे अडणार आहे ते कोणत्याच तक्त्यात लिहिलेलं नसतं. ते स्वतः करून बघितल्यावरच कळतं आणि त्यासाठी एका फ्रेमवर्कमागे दोन-तीन संध्याकाळी पुरतात.

सुरुवातीला मीसुद्धा तक्ते वाचूनच निवडत असे. एका कामासाठी केवळ बोलबाला बघून एक फ्रेमवर्क घेतलं, आठ महिने त्यात राबलो आणि मग लक्षात आलं की ज्या एका गोष्टीवर ते ॲप उभं राहणार होतं, म्हणजे इंटरनेट नसतानाही नोंदी करता येणं, तिच्यासाठी त्यात तयार असं काहीच नव्हतं. तो सगळा भाग हाताने लिहावा लागला आणि तो शेवटपर्यंत धड चालला नाही. म्हणून पुढे सांगितलेला क्रम मोडू नका अशी कळकळीची विनंती.

कोड लिहिण्याआधी: आपण नक्की काय घेतोय?

लायब्ररी आणि फ्रेमवर्क हे शब्द सर्रास एकाच अर्थाने वापरले जातात, पण निवड करताना त्यांच्यातला फरक माहीत हवा. लायब्ररीला तुमचा कोड हाक मारतो. दोन तारखांमधले दिवस मोजायचे असले की तारखांच्या लायब्ररीतलं फंक्शन बोलावलं, उत्तर घेतलं, पुढे गेलात. फ्रेमवर्कमध्ये हे उलट चालतं. कोणती विनंती आली, कधी आली, तिच्यासाठी तुमचं कोणतं फंक्शन चालवायचं, हे फ्रेमवर्क ठरवतं. तुम्ही फक्त रिकाम्या जागा भरता. ‘आम्हाला फोन करू नका, गरज पडली तर आम्हीच करू’ असं चाचणीला आलेल्या नटांना सांगतात, त्यावरून या पद्धतीला हॉलिवूड तत्त्व असं नावही पडलं आहे.

लायब्ररी नको झाली तर चार-पाच फाईली बदलून भागतं. फ्रेमवर्क नको झालं तर ॲप जवळजवळ पुन्हा लिहावं लागतं, कारण फाईली कुठे ठेवायच्या इथपासून सगळी मांडणी त्याच्या म्हणण्यानुसार झालेली असते. दोन-तीन संध्याकाळी आधी खर्च करा असं मी म्हणतो ते यासाठीच.

आणखी एक गोष्ट याच वेळी स्पष्ट करून घ्या. रिॲक्ट स्वतःला लायब्ररीच म्हणवतं. पडद्यावर काय दिसावं एवढंच ते बघतं; एका पानावरून दुसऱ्या पानावर जाणं, फॉर्म तपासणं, सर्व्हरकडून माहिती आणणं यासाठी तुम्हाला बाहेरून काहीतरी जोडावं लागतं. अँग्युलरमध्ये राउटर (पानांमधली ये-जा सांभाळणारा भाग), फॉर्म, सर्व्हरशी बोलणारा भाग हे सगळं एकाच संचात येतं. त्यामुळे ‘रिॲक्ट हलकं, अँग्युलर जड’ हे वाक्य तुम्ही कुठेही वाचलंत तर विचारा: त्या रिॲक्टमध्ये राउटर धरलाय का? तुलना करायची तर पूर्ण संचाची पूर्ण संचाशी करा.

पायरी १: ॲप कागदावर उतरवा

पाच प्रश्नांची उत्तरं लिहा. लिहाच, मनात ठेवू नका. ॲप कोण वापरणार? कशावर वापरणार: ब्राउझर, फोन की डेस्कटॉप? नेटवर्क नसताना चालायला हवं का? माहिती चुकली किंवा गेली तर किती नुकसान होईल? आणि दोन वर्षांनी हा कोड कोण सांभाळणार?

एवढ्यावरच निम्म्याहून अधिक नावं गळून पडतात. याद्या, फॉर्म, नोंदी, अहवाल असं काम असेल तर पान सर्व्हरवर तयार करून पाठवणारी भरगच्च फ्रेमवर्क बघा: पायथनमध्ये जँगो, रूबीत रेल्स, पीएचपीत लारावेल, जाव्हात स्प्रिंग बूट, सी-शार्पमध्ये एएसपी डॉट नेट कोअर. पडदा सतत हलता असेल, म्हणजे ओढून इकडून तिकडे टाकायची कार्डं, टाइप करता करता बदलणारे आलेख, एकाच वेळी अनेकांनी लिहायचा मजकूर, तर रिॲक्ट, व्ह्यू, स्वेल्ट, अँग्युलर यांची गरज खरी आहे. सध्या नवशिके सरसकट दुसऱ्या गटाकडे धावतात आणि साध्या नोंदवहीसाठी दोन ॲप लिहून बसतात, एक ब्राउझरमधलं, एक सर्व्हरवरचं. पुस्तकांच्या वहीला जँगोची साधी टेम्प्लेट (पानांचे साचे) पुरेशी झाली होती, हे मी अनुभवाने सांगतो.

फोनसाठी तीन वाटा आहेत. फ्लटरमध्ये डार्ट भाषेत लिहायचं असतं आणि बटणापासून यादीपर्यंत सगळं ते स्वतःच पडद्यावर रंगवतं, त्यामुळे अँड्रॉइड आणि आयफोनवर ॲप सारखंच दिसतं. रिॲक्ट नेटिव्ह तुमच्या कंपोनंटमागे (पडद्याच्या तुकड्यांमागे) त्या त्या फोनची मूळ बटणं आणि चौकटी उभ्या करतं. तिसरी वाट म्हणजे अँड्रॉइडसाठी कॉटलिन आणि जेटपॅक कंपोज, आयफोनसाठी स्विफ्ट आणि स्विफ्टयूआय. इथे एकच ॲप दोनदा लिहावं लागतं, पण कॅमेरा, ब्लूटूथ, पार्श्वभूमीत चालणारी कामं अशा फोनच्या आतल्या गोष्टींशी रोज संबंध येणार असेल तर हा दुहेरी खर्च परवडतो. ॲप एकाच प्रकारच्या फोनसाठी असेल तर या तिसऱ्या वाटेलाच जा. दोन्हीकडे चालणारं फ्रेमवर्क घेण्याचं मग कारण उरत नाही.

डेस्कटॉपचं थोडक्यात: इलेक्ट्रॉन प्रत्येक ॲपबरोबर क्रोमियम ब्राउझर आणि नोड (ब्राउझरबाहेर जाव्हास्क्रिप्ट चालवणारं साधन) दोन्ही बांधून देतं, म्हणून लहानसं ॲपही आकाराने मोठं होतं, पण दिसायला सगळीकडे एकसारखं राहतं. टॉरी संगणकावर आधीच असलेला वेबव्ह्यू (वेब पान दाखवणारा भाग) वापरतं, म्हणून ॲप लहान होतं. मात्र प्रत्येक ऑपरेटिंग सिस्टिमवर वेगळं तपासावं लागतं.

पायरी २: येत असलेली भाषा

पायथन येत असेल तर पायथनमधलं फ्रेमवर्क. पीएचपी येत असेल तर लारावेल. नवी भाषा आणि नवं फ्रेमवर्क एकदम शिकायला घेतलं की एरर आल्यावर चूक भाषेतली की फ्रेमवर्कमधली हेच कळत नाही, आणि माणूस हताश होतो. कोणतीच भाषा येत नसेल तर फ्रेमवर्क बाजूला ठेवा, एखाद-दोन महिने नुसती भाषा शिका. यावर याहून जास्त बोलण्यासारखं नाही.

पायरी ३: तब्येत तपासा

आता हातात तीन-चार नावं असतील. ती दोनवर आणायची आहेत. इथे तारे मोजू नका. तारा म्हणजे कोणीतरी कधीतरी ‘बरं दिसतंय’ म्हणून ठेवलेली खूण. ती काढून घ्यायला कोणी परत येत नाही. त्याऐवजी फ्रेमवर्कच्या स्वतःच्या संकेतस्थळावर जाऊन रिलीजचं वेळापत्रक शोधा. कोणत्या व्हर्जनला कधीपर्यंत सुरक्षा दुरुस्त्या मिळणार, हे तिथे तारखेसकट लिहिलेलं असायला हवं.

जँगोत काही व्हर्जन दीर्घकाळ आधाराची असतात, त्यांना तीन वर्षं दुरुस्त्या मिळतात. ४.२ तसं होतं, त्यानंतर २०२५ च्या एप्रिलमध्ये आलेलं ५.२ तसं आहे. अँग्युलरचं मोठं व्हर्जन साधारण दर सहा महिन्यांनी येतं आणि प्रत्येकाला १८ महिने आधार असतो. यातलं एक चांगलं आणि दुसरं वाईट असं नाही. पण तुम्ही एकटे असाल आणि वर्षातून एकदाच ॲपकडे बघणार असाल, तर १८ महिन्यांचा हिशोब तुम्हाला जड जाईल. मोठी टीम रोज कामात असेल तर तिला तो जाणवणारही नाही.

जुना इतिहासही वाचा, कारण मोठं व्हर्जन बदलताना ही मंडळी वापरणाऱ्यांना कसं वागवतात ते त्यातूनच कळतं. अँग्युलरजेएस २०१० मध्ये आलं. २०१६ च्या सप्टेंबरमध्ये अँग्युलर २ आलं ते संपूर्ण नव्याने लिहिलेलं होतं. नाव जवळजवळ तेच, पण जुना कोड त्यावर चालत नव्हता. जुन्या अँग्युलरजेएसचा आधार २०२१ संपताना थांबला. व्ह्यू २ चा आधार ३१ डिसेंबर २०२३ ला संपला, व्ह्यू ३ येऊन तेव्हा तीन वर्षं झाली होती. फोनची ॲप बांधायच्या मायक्रोसॉफ्टच्या झॅमरिनचा १ मे २०२४ ला. नवं रिॲक्ट ॲप सुरू करून देणारं ‘क्रिएट रिॲक्ट ॲप’ हे साधन वर्षानुवर्षं प्रत्येक रिॲक्ट धड्याच्या पहिल्या ओळीत असायचं. नव्या ॲपसाठी ते वापरू नका असं रिॲक्टच्या टीमनेच २०२५ च्या फेब्रुवारीत जाहीर केलं. ते वापरायला सांगणारे जुने व्हिडिओ आजही समोर येतात, म्हणून धडा सुरू करण्याआधी त्याची तारीख बघा. कोड लिहून देणाऱ्या एआय साहाय्यकाला विचारताना तर व्हर्जनचा आकडा प्रश्नातच घाला, नाहीतर तो निःशंकपणे जुन्या पद्धतीचा कोड हाती देतो.

परवाना एकदा वाचून घ्या. व्ह्यू, रेल्स, लारावेल एमआयटी परवान्याखाली आहेत, जँगो बीएसडी, स्प्रिंग अपाचे २.०. कोणाचंही व्यावसायिक ॲप यांवर निर्धास्त उभं राहू शकतं. रिॲक्टच्या परवान्यात पूर्वी पेटंटविषयी एक वेगळं कलम होतं. त्यावर बराच वाद होऊन २०१७ मध्ये तेही एमआयटीवर आलं.

पायरी ४: तेच ॲप दोन्हींत बांधा

हा या लेखाचा गाभा आहे, म्हणून इथे जरा रेंगाळतो. मला जँगो आणि एक्सप्रेस (नोडवर चालणारं जाव्हास्क्रिप्टमधलं लहान फ्रेमवर्क) यांत जो फरक हाताला लागला तो जसा लागला तसाच सांगतो.

जँगोत पुस्तकाचा एक मॉडेल क्लास लिहिला: नाव, लेखक, कोणाकडे आहे, कधी दिलं. ‘मेकमायग्रेशन्स’ आणि ‘मायग्रेट’ या दोन कमांड चालवल्या, डेटाबेसमध्ये टेबल तयार झालं. ॲडमिनच्या फाईलमध्ये ते मॉडेल एका ओळीत नोंदवलं, ‘क्रिएटसुपरयूजर’ने स्वतःचं खातं उघडलं आणि ब्राउझरमध्ये ॲडमिनचा पत्ता टाकला. लॉगिन, यादी, नवी नोंद, दुरुस्ती, नोंद काढून टाकणं, सगळं आयतं समोर. एचटीएमएलची एक ओळही लिहिलेली नव्हती. हे असं का आहे याचं उत्तर जँगोच्या जन्मात आहे. २००३ मध्ये अमेरिकेत कॅन्ससमधल्या लॉरेन्स गावच्या एका वृत्तपत्राच्या वेब विभागात एड्रियन होलोवाटी आणि सायमन विलिसन यांनी ते लिहायला घेतलं. तिथे काही तासांत नवं पान उभं करावं लागे आणि मजकूर भरणारे पत्रकार असत, प्रोग्रामर नव्हे. त्यांच्यासाठी केलेली सोय आज तुमच्या हाती पडते. रेल्सचंही तसंच: डेव्हिड हायनमायर हॅन्सन यांनी बेसकॅम्प हे कामाच्या नियोजनाचं ॲप बांधता बांधता ते बाजूला काढलं आणि २००४ मध्ये खुलं केलं. फ्रेमवर्क कोणत्या कामातून जन्मलं ते बघत जा. त्या प्रकारचं काम त्यात सगळ्यांत सहज होतं.

एक्सप्रेसमध्ये तीच वही सुरू करताना समोर जवळजवळ कोरी फाईल असते. राउट (कोणत्या पत्त्यावर कोणतं फंक्शन चालवायचं ते) लिहिला, फॉर्म बनवला, बटण दाबलं. सर्व्हरवर पुस्तकाचं नाव बघायला गेलो तर एररच आली, कारण विनंतीचा मुख्य मजकूर जिथे असायला हवा तिथे ‘अनडिफाइन्ड’. फॉर्म बरोबर होता, राउट बरोबर होता. तासभर शोधल्यावर कळलं, की फॉर्ममधून आलेला मजकूर उलगडून वाचणं हे काम एक्सप्रेस आपणहून करत नाही. त्यासाठी त्याच्याचसोबत येणारं ‘यूआरएल एन्कोडेड’ नावाचं मिडलवेअर (विनंती वाटेत असताना तिच्यावर काम करणारा कोड) एका ओळीत जोडावं लागतं. ती ओळ मी जोडली, तरी तेच. कारण मी ती राउटच्या खाली लिहिली होती, आणि मिडलवेअर ज्या क्रमाने लिहिली त्याच क्रमाने चालतात. ओळ वर नेली आणि पुस्तकाचं नाव दिसलं.

हा तास वाया गेला असं मला वाटत नाही. ब्राउझरकडून विनंती येते म्हणजे काय येतं, ती कोणत्या हातातून कोणत्या हातात जाते, हे मला त्या तासात जेवढं कळलं तेवढं जँगोत सहा महिन्यांत कळलं नव्हतं. पण त्यानंतर डेटाबेस कोणता, त्याच्याशी बोलायला काय वापरायचं, लॉगिन कशाने, दुसऱ्या साइटवरून चोरून पाठवलेला फॉर्म कसा ओळखायचा, हे प्रत्येक ठिकाणी मीच ठरवायचं होतं. अनुभवी माणसाला हे स्वातंत्र्य हवंसं असतं. नवशिक्याच्या हातून यातली एखादी गोष्ट राहून जाते, आणि सुरक्षेची गोष्ट राहिली तर ॲप बिघडल्याचं दिसतही नाही. पायथनमध्ये फ्लास्क याच लहान जातीचं. म्हणून माझं स्पष्ट मत: शिकण्यासाठी लहान फ्रेमवर्क घ्या, पण पहिलं खरं ॲप, ज्यात दुसऱ्यांची माहिती राहणार आहे, ते भरगच्च फ्रेमवर्कमध्येच करा.

जँगोतही दुसऱ्या संध्याकाळी माझं घोडं अडलं. लॉगिनला यूजरनेमऐवजी ईमेल हवा होता. त्यासाठी वापरकर्त्याचं मॉडेल बदलावं लागतं, आणि टेबलं तयार झाल्यावर ते बदलणं फार किचकट होतं. पहिल्या मायग्रेशनच्या आधीच ठरवा, असं जँगोचं डॉक्युमेंटेशन सांगतं. मी ते वाचलं नव्हतं. प्रयोगाचं ॲप होतं म्हणून डेटाबेसची फाईल पुसून पुन्हा सुरुवात केली. खऱ्या ॲपमध्ये हे सुचलं असतं तर? आयती सोय जिथे संपते ती कड शोधून काढणं हाच दुसऱ्या संध्याकाळचा उद्देश ठेवा. त्यासाठी ॲपमध्ये एक तरी गोष्ट मुद्दाम धड्याबाहेरची मागा.

ब्राउझरमधल्या फ्रेमवर्कांची तुलना करत असाल तर ही छोटी परीक्षा घ्या. पुस्तकांची यादी पडद्यावर आहे, तिच्यात एक पुस्तक वाढवायचं आहे. रिॲक्टमध्ये यादी ‘यूजस्टेट’मध्ये (रिॲक्टने माहिती लक्षात ठेवायची जागा) ठेवली, त्याच ॲरेमध्ये, म्हणजे यादीत, नवं पुस्तक पुश केलं (शेवटी जोडलं) आणि तोच ॲरे ती माहिती बदलणाऱ्या सेटर फंक्शनला परत दिला. कन्सोलमध्ये पुस्तक आलेलं दिसतं, पडद्यावर मात्र जुनीच यादी! ॲरे तोच आहे असं बघून रिॲक्ट ‘काही बदललं नाही’ असं धरून चालतं. जुन्यातली पुस्तकं आणि नवं पुस्तक मिळून नवा ॲरे बनवून दिला की यादी लगेच बदलते. व्ह्यू ३ मध्ये रिॲक्टिव्ह ॲरेत नुसतं पुश केलं तरी पुस्तक पडद्यावर येतं, कारण व्ह्यूने त्या ॲरेवर प्रॉक्सीचा पहारा बसवलेला असतो. पहिल्या तासाला व्ह्यू साहजिकच सोपं वाटतं. पण व्ह्यूचीही अडचण आहे: रिॲक्टिव्ह ऑब्जेक्टमधून एखादी साधी किंमत वेगळ्या व्हेरिएबलमध्ये काढून घेतली की पहारा सुटतो, पुढचे बदल पडद्यावर पोचत नाहीत, आणि एररही येत नाही. रिॲक्टमध्ये बदल कुठे झाला ते उघड दिसतं, व्ह्यूमध्ये लिहायला कमी लागतं. तुम्हाला यातलं काय मानवतं ते दोन्ही चुका स्वतः केल्याशिवाय ठरवता येणार नाही.

बांधताना शेजारी एक वही ठेवा आणि प्रत्येक वेळी अडलात की तीन गोष्टी लिहा: काय करत होतो, किती वेळ गेला, उत्तर कुठे मिळालं. अधिकृत डॉक्युमेंटेशनमध्ये मिळालं, की चार वर्षांपूर्वीच्या कोणाच्यातरी प्रतिसादात, की मिळालंच नाही? तिसरा रकाना सगळ्यांत मोलाचा आहे. वेळ तर सरावाने कमी होतो. उत्तरच सापडत नसेल तर सरावाने काय होणार?

पायरी ५: चालणारं ॲप मुद्दाम बिघडवा

ॲप चालायला लागलं की थांबू नका. टेम्प्लेटच्या नावात एक अक्षर चुकवा, डेटाबेस बंद करा, तारखेच्या जागी शब्द टाका. मग पडद्यावर काय येतं ते शांतपणे वाचा. जँगो टेम्प्लेट सापडलं नाही म्हणताना ते कुठे कुठे शोधलं त्या सगळ्या फोल्डरांची यादी देतं. काही ठिकाणी चाळीस ओळींची एरर येते आणि त्यात तुमच्या फाईलचं नावच नसतं. एक्सप्रेस ४ मध्ये असिंक फंक्शनच्या (उत्तराची वाट बघत थांबणाऱ्या फंक्शनच्या) आत काही बिनसलं आणि तुम्ही ते स्वतः पकडलं नसेल, तर ते एरर हाताळणाऱ्या भागापर्यंत पोचतच नसे. २०२४ मध्ये आलेल्या एक्सप्रेस ५ मध्ये ते आपोआप पोचतं. तुमचा निम्मा वेळ पुढे एररशीच जाणार आहे, तेव्हा ती वाचता येण्यासारखी आहे ना ते आत्ताच बघा.

वेगाची गोष्टही याच वेळी उरकून घ्या. २०१३ पासून सुरू झालेल्या टेकएम्पॉवरच्या चाचण्यांमध्ये सेकंदाला किती विनंत्या, याचे मोठमोठे आकडे दिसतात आणि नवशिक्याला वाटतं की पहिल्या नंबरचं घ्यावं. तुमच्या ॲपला उशीर बहुधा वेगळ्याच जागी होतो. वहीत पन्नास पुस्तकं भरा आणि प्रत्येकापुढे ते कोणाकडे आहे त्या माणसाचं नाव दाखवा. मग डेटाबेसकडे किती क्वेरी (माहिती मागणारे प्रश्न) गेल्या ते मोजा. जँगोत डिबग टूलबार जोडला की आकडा लगेच दिसतो. साध्या पद्धतीने लिहिलं तर एक क्वेरी यादीची आणि प्रत्येक पुस्तकामागे माणसाची एक, म्हणजे ५१. जँगोत ‘सिलेक्ट रिलेटेड’ लिहिलं की त्या एकावर येतात. रेल्समध्ये ‘इन्क्लूड्स’, लारावेलमध्ये ‘विथ’ हेच काम बहुधा दोन क्वेरींत करतात. सगळ्यांत वेगवान फ्रेमवर्क घेऊनही या ५१ क्वेरी तशाच राहिल्या तर ॲप रखडणारच. म्हणून फ्रेमवर्क किती वेगवान यापेक्षा, ॲप कुठे रखडतंय हे ते किती सहज दाखवतं, याला मी जास्त गुण देतो.

पायरी ६: एक बदल आणि एक प्रवास

शेवटच्या संध्याकाळी दोनच कामं. पहिलं: भरलेल्या डेटाबेसमध्ये नवा रकाना घाला, ‘परत कधी मिळायला हवं’ ती तारीख. जुन्या पन्नास नोंदींमध्ये त्या जागी काय जाणार, हे फ्रेमवर्क विचारतं का, आणि केलेला बदल मागे घेता येतो का? दुसरं: ॲप स्वतःच्या संगणकाबाहेर कुठेतरी चालवून बघा. घरी सुरळीत चाललेलं ॲप सर्व्हरवर गेल्यावर चित्रं आणि सीएसएस (पानाची रंगरूप ठरवणारी फाईल) दिसत नाहीत, हा जँगोतला नेहमीचा धक्का आहे. डिबग (चुका शोधताना सगळा तपशील दाखवणारी सेटिंग) बंद केलं की स्थिर फाईली वाढून देणं जँगो थांबवतं आणि ती व्यवस्था वेगळी करावी लागते. डिबग चालू ठेवून सुटका करून घेऊ नका, त्या पिवळ्या एरर पानावर तुमच्या कोडची आतली माहिती कोणालाही दिसते. पीएचपी चालवणारे सर्व्हर फार ठिकाणी तयार मिळतात, हा लारावेलचा फायदाही याच वेळी लक्षात येतो. स्प्रिंग बूट सर्व्हरसकट एकच जार फाईल बनवून देतं. ती उचलून नेली, जाव्हा असलं की चालली.

निवड

आता अडलेल्या जागांच्या दोन वह्या शेजारी ठेवा. किती वेळा अडलात ते मोजू नका, कुठे अडलात ते बघा. पायरी १ च्या कागदावर ज्या गोष्टीशिवाय ॲप उभंच राहणार नाही, तिच्याच वाटेत जे फ्रेमवर्क आडवं आलं ते बाजूला ठेवा, बाकी सगळ्यात ते सरस असलं तरी. दोन्ही तिथे तरली, तर ज्याच्या उत्तरांचा रकाना अधिकृत डॉक्युमेंटेशनने जास्त भरलाय ते घ्या. तरीही बरोबरी झालीच तर ज्यातला कोड तुमच्या ओळखीच्या कोणालातरी वाचता येतो ते घ्या. रात्री अडल्यावर विचारायला माणूस असणं ही फार मोठी गोष्ट आहे.

निवडीची दहा ओळींची चिठ्ठी लिहून कोडबरोबरच ठेवा: काय घेतलं, कोणतं व्हर्जन, त्याचा आधार कोणत्या तारखेला संपतो, काय सोडलं आणि का. आधार संपायच्या सहा महिने आधीची तारीख कॅलेंडरमध्ये टाका. मग खऱ्या ॲपसाठी नवं कोरं फोल्डर उघडा. प्रयोगाचा कोड तिकडे उचलून नेऊ नका. तो घाईत आणि शिकता शिकता लिहिलेला असतो, त्यात पासवर्ड उघडे पडलेले असतात आणि वापरकर्त्याचं मॉडेल तर बहुधा चुकलेलंच असतं.